फक्त ओठ हलवा

एका गावात एक लहानसं चर्च होतं. गाव खडकाळ माळावरचं. गावाबाहेर दगडाची खाण, आणि खाणीकडे जाणाऱ्या वाटेवर हे चर्च. मातीच्या भिंती, वर पत्रा. उन्हाळ्यात आत बसणारा भाजून निघायचा. पण रविवारी सकाळी तिथं गाणं सुरू झालं की वाटेनं जाणारा माणूस डोक्यावरचं ओझं तसंच धरून घटकाभर उभा राहायचा.

हे गाणं शिकवलं होतं शांतवन मास्तरांनी. ते गावच्या शाळेत शिक्षक होते. गळा गोड, पेटीवर हात बसलेला, आणि स्वभाव चिकाटीचा. खाणीत खडी फोडणाऱ्या बाया आणि दिवसभर ट्रॅक्टर हाकणारी पोरं त्यांनी एकत्र बसवली. कोणाला वरचा सूर दिला, कोणाला खालचा. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्याकडून गीतंच्या गीतं पाठ करून घेतली. गावात कोणी आजारी पडलं की उपासना संपल्यावर सगळे त्याच्या घरी जायचे आणि खाटेभोवती उभे राहून गायचे. माणूस बरा होणं न होणं देवाच्या हाती, पण गाणं ऐकून त्याचं तोंड उजळायचं एवढं नक्की.

त्या गाण्यात एक आवाज मात्र कायम वेगळा असायचा. तो थोमाबाबांचा. त्यांचं सगळं आयुष्य खाणीत गेलं होतं आणि सुरुंगांच्या दणक्यांनी कान निम्मे निकामी झाले होते. स्वतःचाच आवाज त्यांना धड ऐकू यायचा नाही, म्हणून ते जोरात गायचे. बाकीच्यांचं कडवं संपलं तरी त्यांची शेवटची ओळ चालूच असायची, आणि तीही भलत्याच पट्टीत. लहान मुलं फिदीफिदी हसायची. त्यांची बायको सलोमीआजी बायकांच्या बाजूनं हात हलवून खूण करायची, तेव्हा कुठं ते थांबायचे. "झालं व्हय?" म्हणायचे आणि खूश होऊन खाली बसायचे.

त्या गावातली ख्रिस्ती घरं थोडी आणि गरीब होती. सणाला तालुक्याच्या मोठ्या चर्चमध्ये गेली तर मागच्या बाकावर बसायची. कोणी त्यांना हटकायचं नाही, पण कोणी विचारायचंही नाही.

तालुक्याला दर उन्हाळ्यात चर्चांची गायनस्पर्धा भरायची. एका वर्षी शांतवन मास्तरांनी धीर केला आणि आपल्या मंडळींतल्या चांगल्या गाणाऱ्यांना घेऊन गेले. बायांनी धुऊन घडी घातलेली लुगडी नेसली होती, पोरांनी केसांना तेल लावलं होतं. त्यांची जुनी ढोलकी बघून पुढच्या रांगेतली काही माणसं हसलीसुद्धा. पण गाणं सुरू झालं आणि हसणारे गप्प झाले. निकाल लागला तेव्हा पहिला क्रमांक त्यांचा होता. ज्या चर्चमध्ये ही माणसं मागच्या बाकावर बसायची, तिथले लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले.

बक्षीस म्हणून पितळेची मोठी ढाल मिळाली. मधोमध वीणा कोरलेली, कडेनं वेलबुट्टी. परत येताना मास्तर ती मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तो आनंद खरा होता. त्यात काहीच वाईट नव्हतं.

प्रश्न आला, ढाल ठेवायची कुठं? चर्चची उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांचं घर गळकं, मास्तरांच्या घरी जागा नाही. म्हणून ती चर्चमध्येच ठेवायची ठरली. चर्चमध्ये टेबल एकच, प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस मांडायचं. त्यावर लाकडाचा साधा क्रूस असायचा. ढाल क्रूसाशेजारी ठेवली. काही दिवसांनी कोणीतरी म्हणालं, कडेला आहे, धक्का लागून पडेल. मग ढाल मधे आली आणि क्रूस बाजूला गेला. कोणी मुद्दाम सरकवला नाही. झाडलोट करताना आपोआप सरकत गेला.

दुसऱ्या वर्षी ते पुन्हा जिंकले. आता गावात त्यांच्याकडे लोक वेगळ्या नजरेनं पाहू लागले. सरपंच चर्चमध्ये येऊन ढाल बघून गेले. स्पर्धेचा नियम असा होता की जो गट सलग तीन वर्षं जिंकेल त्याच्याकडे ढाल कायमची राहील. तिसरं वर्ष उगवलं, तशी मास्तरांची झोप उडाली.

बुधवारच्या प्रार्थनासभेला लोक जमायचेच, म्हणून त्या वेळेला सराव सुरू झाला. प्रार्थना आधी थोडक्यात होऊ लागली, मग शेवटी, मग वेळ उरला तर. आजाऱ्यांच्या घरी जाणं थांबलं, कारण उन्हातान्हात हिंडून गळे बसतात. पाळकसाहेबांनी उपदेश आवरता घेतला, म्हणजे गाण्याला जास्त वेळ मिळेल. त्यांनाही ढालीचा अभिमान होताच. गरिबांच्या चर्चला पहिल्यांदाच कोणीतरी मान दिला होता, तो हातचा जाऊ नये असं सगळ्यांनाच वाटत होतं.

आणि रविवारचं गाणंही स्पर्धेची तालीम होऊन बसलं. दीनाबाई म्हणून एक बाई होती. खाणीतली धूळ छातीत जाऊन तिचा आवाज घोगरा झाला होता. मास्तर तिला प्रेमानं म्हणाले, "दीनाबाई, तुम्ही उभ्या राहा सगळ्यांबरोबर. फक्त ओठ हलवा. बाहेर आवाज काढू नका." दीनाबाईंनी मान डोलावली. मग दोन म्हातारे, मग कापऱ्या आवाजाची एक आजी, मग लहान मुलं. सगळ्यांनी ऐकलं. मास्तरांवर सगळ्यांचा जीव होता आणि ढाल सगळ्यांचीच होती.

मास्तरांची बायको रिबेका स्वतः उत्तम गायची. एकदा जेवताना ती म्हणाली, "एक सांगू का? पूर्वी तुम्ही डोळे मिटून गायचात. आता आमच्या तोंडांकडे बघत गाता."

"चुका कळायला नकोत का?" मास्तर म्हणाले.

"कळायला हव्यात. पण मला आता गाताना तुमचीच भीती वाटते."

मास्तर हसले. "देवासाठी करतोय सगळं. देवाला उत्तम तेच द्यायला हवं ना?"

बोलणं चुकीचं नव्हतं. पण रिबेकाचं समाधानही झालं नाही.

राहता राहिले थोमाबाबा. एका संध्याकाळी मास्तर त्यांच्या घरी गेले. बाबा दारात बसून दोरी वळत होते.

"बाबा, एक विनंती होती. रविवारी जरा हळू गाल का?"

"काय?"

"हळू गाल का?"

"मोठ्यानं बोल मास्तर, काय कळंना."

मास्तरांना ओरडावं लागलं. "रविवारी मनातल्या मनात गा! फक्त ओठ हलवा!"

आजूबाजूच्या घरांतली माणसं दारांत आली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण थोमाबाबांना या वेळी नीट ऐकू गेलं होतं. त्यांचे हात थांबले.

"मनातल्या मनात," ते म्हणाले. "देवाला ऐकू येतं व्हय तसं?"

"येतं ना, बाबा."

"मग हरकत न्हाई." ते पुन्हा दोरी वळू लागले. "माझंच चुकत आसंल. मला कुठं ऐकू येतंय."

सलोमीआजी आतून सगळं ऐकत होती. तिनं मास्तरांना चहा करून दिला.

पुढच्या रविवारी थोमाबाबा आले आणि तोंड घट्ट मिटून बसले. त्याच्या पुढच्या रविवारी ते आत आलेच नाहीत. बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून राहिले. पाळकसाहेबांनी विचारलं तर म्हणाले, "आत बसलं का तोंड आपोआप उघडतंय. हितंच बरं." पाळकसाहेबांच्या मनात आलं, यांना हात धरून आत न्यावं. पण आत गाणं रंगात आलं होतं. ते एकटेच आत गेले.

स्पर्धेचा दिवस उजाडला. चर्चसमोर जीप उभी होती. बायांनी पांढऱ्या, निळ्या काठांच्या साड्या नेसल्या होत्या, पेटी आणि ढोलकी चढवून झाली होती. तेवढ्यात पाळकसाहेब घाईघाईनं आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, थोमाबाबा गेले. पहाटेच. झोपेतच."

जीपमधल्या बायांनी डोक्यावर पदर घेतले.

"सलोमीआजीचं एकच मागणं आहे," पाळकसाहेब म्हणाले. "माती देताना गाणाऱ्यांनी यावं. त्यांना गाणं फार आवडायचं म्हणते."

मास्तरांनी घाम पुसला. "आपलं गाणं दुपारी आहे. आम्ही परत येईपर्यंत थांबता येणार नाही का?"

"ऊन बघता ना केवढं आहे. दुपारपर्यंत उरकावंच लागेल."

रिबेकानं एक पाय जीपच्या बाहेर टाकला.

"तू उतरलीस तर मधला सूर कोण धरणार?" मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट तो काकुळतीचा होता. "रिबेका, तीन वर्षांची मेहनत आहे. एकट्या माझी नाही, या सगळ्यांची."

रिबेकानं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. ट्रॅक्टर चालवणारा अमोस, खडी फोडणाऱ्या बाया, सगळे तिच्याकडे पाहत होते. तिनं पाय आत घेतला.

मास्तर पाळकसाहेबांना म्हणाले, "थोमाबाबा असते ना, तर त्यांनीच सांगितलं असतं, जा म्हणून. देवाच्याच कामाला चाललोय आपण."

पाळकसाहेबांनी 'थांबा' म्हणायला हवं होतं. पण ढाल परत आली नाही तर टेबलावर रिकाम्या राहणाऱ्या जागेचा त्यांनी विचार केला. मग खाली मान घालून म्हणाले, "जा. इथलं मी बघतो."

जीप निघाली.

त्या दुपारी ते असं गायले, की आजवर कधी गायले नव्हते. मरणावर जीवनाचा जय झाला, असं त्या गीताचं सांगणं होतं. एकही सूर हलला नाही. गाताना रिबेकाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. परीक्षक नंतर म्हणाले, "सूर तर शुद्ध होतेच, पण भावना किती!" रिबेकानं तोंड फिरवलं.

ते जिंकले. ढाल कायमची त्यांची झाली.

दिवस कलता कलता जीप गावाजवळ आली. पोरांनी ढोलकी काढली होती, अमोसनं ढाल उंच धरली होती. आधीच्या दोन्ही वर्षी वेशीपर्यंत मुलं धावत आली होती. आज कोणी आलं नाही. वाटेत ख्रिस्ती लोकांचं कबरस्तान लागायचं. तिथं बाभळीखाली काही माणसं अजून बसून होती. दीनाबाई होत्या, दोन म्हातारे होते, कापऱ्या आवाजाची आजी होती. ताज्या मातीवर झेंडूची फुलं होती. जीपवाल्यानं कोणी न सांगताच गाडी थांबवली. ढोलकी आपोआप बंद पडली.

पाळकसाहेब एका दगडावर बसले होते. मास्तर त्यांच्याजवळ गेले.

"नीट पार पडलं ना सगळं?"

पाळकसाहेबांनी ताज्या मातीकडे पाहिलं. मग म्हणाले, "शवपेटी खाली सोडली आणि मी गीत म्हणायला सांगितलं. सगळे उभे राहिले. पण आवाजच आला नाही, मास्तर. मी बघतोय, दीनाबाईंचे ओठ हलतायत, मुलांचे ओठ हलतायत, म्हाताऱ्यांचे हलतायत. आणि आवाज नाही कोणाचाच."

मास्तर उभे होते ते खाली बसले.

"सलोमीआजी सगळ्यांच्या तोंडांकडे बघत राहिली," पाळकसाहेब पुढं म्हणाले. "मग म्हणाली, 'आसं काय करताय? त्यांना नीट ऐकू येत न्हाई. जरा मोठ्यानं गा की.' तरी कोणाला जमेना. आम्हाला रडू फुटलं. शेवटी ती एकटीच गायली. सगळं गीत. तिचा नवरा गायचा त्याच भलत्या पट्टीत."

जीपमधून एकेक जण उतरून मागं येऊन उभा राहिला होता. सगळ्यांनी ऐकलं. अमोसच्या हातात ढाल होती. ती कुठं ठेवावी हे त्याला कळेना.

मास्तर तिथून थेट सलोमीआजीच्या घरी गेले. शेजारणींनी आणलेली भाकरी-भाजी झाकून ठेवली होती आणि आजी भिंतीला टेकून बसली होती. मास्तरांना पाहून ती सरळ बसली.

"आलास व्हय? जिंकलात का?"

तिनं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"जिंकलो, आजी."

"बरं झालं. त्यांनी इचारलंच आसतं."

मास्तरांचा धीर सुटला. ते आजीच्या पायांशी बसून लहान मुलासारखे रडले. आजीनं त्यांना रडू दिलं. मग पदरानं स्वतःचे डोळे पुसून ती म्हणाली, "मास्तर, मला राग न्हाई तुझा. पर एक इचारू का? तू त्यांना गप बसवलंस, ते देवाला तरास व्हत व्हता म्हणून का?"

खोटं उत्तर देणं सोपं होतं.

"नाही, आजी. मला होत होता."

"मग तसं सांगायचं. त्यांनी तुझ्यासाठी बी तोंड मिटलं आसतं. देवाला मनातलं ऐकू येतं म्हणून देवाचं नाव कशाला मधी आणलंस? म्हाताऱ्याला वाटलं, आपला आवाज देवालाच नको झालाय. तवापासनं घरात सुदिक गायला न्हाई त्यो."

शांतवन मास्तर घरी आले ते मान खाली घालून. रिबेका दारातच बसली होती. तिनंही काही खाल्लं नव्हतं.

"आपल्याला लहानपणापासून शिकवलं," मास्तर म्हणाले, "की देवाच्या जागी दुसरं काही ठेवू नये. मी निर्धास्त होतो. मला वाटायचं, ते माझ्या हातून कधीच व्हायचं नाही. मी तर रात्रंदिवस देवाचंच गात होतो."

"मीही पाय आत घेतला," रिबेका म्हणाली. "तुम्ही एकटेच नव्हता."

रविवारी चर्च भरलं. मास्तर पेटीपाशी न बसता पुढं आले. त्यांनी थोमाबाबांना काय सांगितलं होतं आणि आजीनं काय विचारलं, ते सगळ्यांसमोर सांगितलं. मग पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, "मास्तरांनी गाण्याला देव केलं असेल, तर मी लोकांच्या टाळ्यांना केलं. तुम्हाला थांबवणं माझं काम होतं. मी थांबवलं नाही." कोणीतरी सवयीनं पुन्हा टेबलावर आणून ठेवलेली ढाल मास्तरांनी उचलली.

अमोसला ते सहन झालं नाही. तो उठून म्हणाला, "मास्तर, आमची मेहनत आहे ती. ढालीनं काय वाईट केलं?"

"काहीच नाही, अमोस. ढाल चांगली आहे. गाणंही चांगलंच आहे. आपण त्यांना बसवलं कुठं, तेवढंच चुकलं." मास्तरांनी हातातल्या ढालीकडे पाहिलं. "मला ही ढाल इतकी आवडायची, की तिच्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाला चर्चबाहेर बसवलं तरी मला काही वाटलं नाही. अशा गोष्टीला तू काय म्हणशील?"

अमोस खाली बसला. तो बरेच दिवस रुसून होता, आणि त्याचं रुसणं कोणी मनावर घेतलं नाही. ढाल शाळेच्या खोलीत गेली, भिंतीवर नकाशाशेजारी. क्रूस कोणीतरी पुसून मधे ठेवला.

"आता सगळ्यांनी गा," मास्तर म्हणाले. "ज्याला जसं येईल तसं."

इथं गोष्ट गोड व्हायला हवी होती. पण तसं झालं नाही. गाणाऱ्यांचे तेवढे आवाज उठले, बाकीचे ओठ नुसते हलत राहिले. दीनाबाई संकोचून म्हणाल्या, "मास्तर, आता येत न्हाई. सवय गेली." मिटलेली तोंडं एका रविवारात उघडत नाहीत, हे मास्तरांना त्या दिवशी समजलं. ते दीनाबाईंच्या घरी गेले, म्हाताऱ्यांच्या घरी गेले, मुलांपाशी मांडी घालून बसले आणि प्रत्येकाची क्षमा मागितली. बुधवारची प्रार्थना पुन्हा सुरू झाली, तीही सलोमीआजीच्या अंगणात. आजाऱ्यांच्या खाटेभोवती पुन्हा गाणं होऊ लागलं. हळूहळू एक घोगरा आवाज आला, मग एक कापरा, मग मुलांचा गलका. गाणं पूर्वीइतकं सुरेल राहिलं नाही, हे खरंच आहे. वाटेनं जाणारे आता कधी थांबायचे, कधी थांबायचे नाहीत.

वर्ष गेलं. पुन्हा उन्हाळा आला आणि स्पर्धेचा दिवस आला. या वर्षी जायचं नाही असं सगळ्यांनी मिळूनच ठरवलं होतं. मास्तरांनीही आनंदानं होकार दिला होता. पण त्या दिवशी सकाळपासून त्यांना काही सुचेना. आता गाड्या पोचल्या असतील, आता पेट्या उघडल्या असतील, आता आपला नंबर आला असता. शेवटी ते घराबाहेर पडले आणि माळावर चालत सुटले.

ओढ्याच्या कडेला सलोमीआजी शेळ्यांसाठी पाला तोडत होती. तिनं मास्तरांना लांबूनच ओळखलं.

"आज तुला कसंतरी व्हत आसंल," ती म्हणाली.

मास्तर ओशाळले. "खोटं कशाला बोलू, आजी? वर्षभर मला वाटत होतं, यातून मी सुटलो. आणि आज सकाळपासून मन तिकडंच धावतंय. माझं काही खरं नाही."

"आरं, धावणारच की. इतकी वर्सं त्याला तीच वाट म्हाईत." आजीनं पाल्याचा भारा बांधला. "माझं बी दिसातनं कितींदा दाराकडं जातं. म्हाताऱ्याची चाहूल लागल्यागत व्हतं. मग काय मनाला मारत बसायचं? गेलं की हाक मारायची, परत बोलवायचं. देवाला म्हणायचं, बाबा, पुन्हा गेलं बघ. त्यो काय वैतागत न्हाई."

"रोज?"

"रोज. लागंल तितक्यांदा." तिनं भाऱ्याकडे बोट दाखवलं. "आता उचल ह्यो. नुसता हुबा काय ऱ्हातोस."

मास्तरांनी भारा डोक्यावर घेतला. पाला तोंडावर लोंबत होता, समोरचं नीट दिसत नव्हतं, म्हणून ते आजीच्या पावलांकडे बघत चालू लागले. ऊन तापलं होतं. आसपास चिटपाखरू नव्हतं. बरंच अंतर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण गातोय. केव्हापासून, ते त्यांना आठवेना. पुढं चालणारी आजी वळली नाही, थांबलीही नाही. तिनं तिच्या पट्टीत पुढची ओळ धरली, आणि मास्तरांनी आपला सूर सोडून तिचा घेतला.

या गोष्टीचं तात्पर्य मनाशी धरावं ते एवढं: देवाच्या जागी जाऊन बसणारी गोष्ट वाईटच असते असं नाही, पुष्कळदा ती त्यानंच दिलेली चांगली देणगी असते. तिच्यासाठी आपण माणसांना गप्प बसवू लागलो, की ती कुठं जाऊन बसली आहे ते वेळीच पाहावं. आणि मन पुन्हा तिच्याकडे धावलं, तर खचून न जाता त्याला हाक मारून परत आणावं.